शेवटचा बर्फ : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी, वेण्णा तलाव, पहाटे ६.१०

गाडीतून उतरलो तेव्हा भाच्याच्या हातातला थर्मामीटर ४ अंश दाखवत होता. तरीही नावांच्या धक्क्यावरच्या फळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. नखाने खरवडलं तर भुगा निघत होता. पलीकडच्या शेतात स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडाही तशाच. आलेले लोक 'बर्फ पडला' म्हणत फोटो काढत होते. हा पडत नाही, जागेवरच तयार होतो. आभाळ स्वच्छ आणि वारा पडलेला असला की पानं आणि फळ्या आपली उष्णता रात्रभर वर आभाळाकडे सोडत राहतात, भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात आणि अंगावरचं दव गोठतं. थर्मामीटर हवेचं सांगतो, पानाचं सांगत नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण जूनमध्ये याची गरज पडणार आहे.

गेल्या हिवाळ्यात मी आणि सांगलीची मैत्रीण मनालीजवळ सोलंगला स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करून आलो. परत येताना एक वापरलेली आखूड जोडी विकत घेतली, ती वर्षभर माळ्यावर आहे. हिवाळ्यात बर्फ सगळ्यांसाठीच असतो. मला उन्हाळा संपताना डोंगरात कुठेतरी उरलेला बर्फ शोधायचा आहे, तिथवर चालत जायचं आहे आणि त्यावर आठ-दहा वळणं घेऊन यायचं आहे. भाचा म्हणाला, "मावशी, मग वही कर. तारीख टाकून लिही, नाहीतर हे नुसतं बोलण्यातच राहील." ही ती वही.

२ फेब्रुवारी, सातारा

तारखा ठरल्या. आपल्याकडे मृग लागतं ७-८ जूनला आणि पाऊस साधारण त्याच सुमाराला येतो. तोच पाऊस हिमाचलात पोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. साताऱ्यात पाऊस सुरू झालेला आणि मनालीत अजून न आलेला, असे हे दोन आठवडे. त्याआधी गेलो तर बर्फ सगळीकडे असेल आणि शोधण्यासारखं काही राहणार नाही. नंतर गेलो तर ढग, चिखल आणि दरडी. म्हणून १० ते २० जून.

उरलेल्या बर्फाची नोंद ठेवण्याची परंपरा स्कॉटलंडमध्ये जुनी आहे. तिथल्या ब्रेरीआख डोंगराच्या एका हिमगव्हरात, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या खोलगट जागेत, 'स्फिंक्स' नावाचा बर्फाचा तुकडा वर्षानुवर्षं टिकत असे. विसाव्या शतकात तो पूर्ण वितळल्याची नोंद फक्त तीन वेळा आहे: १९३३, १९५९ आणि १९९६. पुढे २००३, २००६, २०१७, २०१८, २०२१, २०२२, २०२३. आकडे एका ओळीत लिहिले आणि पेन थांबलं. माणसं दरवर्षी डोंगर चढून त्या तुकड्याजवळ जातात, टेप लावतात, तारीख लिहितात. तो नव्या हिवाळ्याच्या बर्फाखाली जाईपर्यंत उरला तर 'टिकला' म्हणतात. हा शब्द आपल्या वहीतही घ्यायचा.

१८ फेब्रुवारी

पहिली चूक. भाच्याने सेंटिनेल-२ उपग्रहाची गेल्या जूनची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर उघडली. ही चित्रं फुकट मिळतात आणि दर पाच दिवसांनी नवं येतं. जागा ठरवली ब्यास कुंडाची: सोलंगच्या वर धुंदी, मग बकरथाच, मग कुंड. सगळीकडे पांढरे ठिपके दिसले. आम्ही अकरा तुकडे मोजले आणि चहा केला. चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं की त्यातले पाच नदीच्या पात्रात सरळ रेषेत आहेत. ती पांढरी वाळू आणि गोटे होते. साध्या डोळ्याला जे पांढरं ते बर्फ, असं मानून चालणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो अगदी सोपा आहे. बर्फ हिरवा प्रकाश भरपूर परतवतो, पण डोळ्यांना न दिसणारा लघुतरंग अवरक्त प्रकाश जवळजवळ पिऊन टाकतो. गोटे दोन्ही परतवतात, ढगही. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर ०.४ च्या वर गेलं तर बहुधा बर्फ. भाच्याने सूत्र लावलं आणि पात्रातले पाचही तुकडे काळे पडले. उरले सहा.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस मला आठवणीत राहील. सूत्र नीट चालतं की नाही हे तपासायला भाच्याने सहज म्हणून साताऱ्याचं चित्र घेतलं. इथे बर्फाचा प्रश्नच नाही, म्हणजे सगळं काळं यायला हवं. आलं नाही. कासचा तलाव उजळला. उरमोडीचं धरण उजळलं, कण्हेर उजळलं. आधी वाटलं, बिघडलं काहीतरी. मग वाचल्यावर कळलं की पाणी शोधायला जे सूत्र वापरतात ते हेच आहे, नाव फक्त वेगळं. पाणीही अवरक्त पिऊन टाकतं. बर्फ आणि पाणी यांत फरक करायचा तर तिसरा पट्टा बघायचा, जवळचा अवरक्त: त्यात बर्फ उजळ राहतो आणि पाणी काळं पडतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. लहानपणी एप्रिल-मेमध्ये आमचं सगळं घर एकाच कामाला लागलेलं असायचं, पाणी कुठे उरलंय ते शोधणं. ज्या गणिताने आज मनालीचा बर्फ सापडला त्याच गणिताने उरमोडीचं पाणी सापडलं, हे पडद्यावर बघताना काय वाटलं ते भाच्याला सांगता आलं नाही. तो पुढचं चित्र उघडायला लागला होता.

मार्च, एकत्रित नोंद

आठवड्यातून चार दिवस अजिंक्यतारा, पाठीवर १२ किलो. रविवारी यवतेश्वर घाटातून कास रस्त्याने चालत. महिन्याच्या शेवटी स्की पिशवीच्या दोन्ही बाजूंना बांधून किल्ल्यावर गेले, कारण उंच टोकं फांद्यांत अडकतात आणि वळताना तोल जातो, त्याची सवय हवी. वाटेत एका आजोबांनी विचारलं, "ताई, या फळ्या कशाला वर नेताय?" सांगितल्यावर त्यांनी बराच वेळ हात लावून बघितल्या, कडेची लोखंडी पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "धार बरी हाय. बोथट हुऊ देऊ नका." कोर्समध्ये शिकवणाऱ्यानेही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

१३ एप्रिल, कल्याणगड

सेंटिनेलचा अवरक्त ठिपका, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, २० मीटरचा. किल्ल्यावरचं टाकं त्यात मावत नाही, हरवून जातं. म्हणून उरलेलं कसं शोधायचं याची तालीम पायानेच करायची ठरली. सांगलीहून मैत्रीण आली. सातारारोडजवळच्या नांदगिरीतून चढायला सुरुवात केली तेव्हा साडेसहा वाजले होते आणि घाम तेव्हापासूनच.

कल्याणगडाच्या पोटात पाण्याने भरलेली एक गुहा आहे. कठड्याला धरून, बॅटरी घेऊन आत जायचं. गार पाणी पायांवर चढत जातं आणि शेवटी आतल्या मूर्तींसमोर उभं राहायचं. पार्श्वनाथ आणि दत्त शेजारी शेजारी. बाहेर एप्रिलचं ऊन, आत दात वाजत होते. आज पाणी मैत्रिणीच्या गुडघ्याच्या चार बोटं वर. दोरीला गाठ मारून मोजलं: ५८ सेंटीमीटर.

या उलट अजिंक्यताऱ्यावर ज्या उघड्या तळ्याशेजारून मी मार्चभर गेले, तिथे चिखलाला भेगा पडल्या आहेत. मी म्हणाले, साधी गोष्ट आहे, इथे सावली आहे, तिथे नाही. बर्फही असाच शोधायचा, उत्तरेकडच्या सावलीत.

उतरताना शेळ्यांमागे असलेल्या एका मामांशी हेच बोलत होते. ते थांबले. "सावलीनं पानी टिकत न्हाई ताई. येतंय म्हनून टिकतंय. वरचं पठार चार महिनं पितंय आन् हितं सोडतंय." खरं आहे ते. आपल्या कातळाचे थर असतात, मधल्या भेगाळ थरातून पाणी झिरपत येतं आणि जिथे खाली घट्ट थर लागतो तिथे बाहेर पडतं. सावली फक्त आलेलं उडू देत नाही. मी मान डोलावली आणि पुढे निघाले. बर्फाच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं नव्हतं.

११ मे, गच्ची

दुपारी साडेबाराच्या सुमाराला काठी उभी केली. सावली काठीच्या बुडाशीच जिरली. आपल्या साताऱ्याचा शून्य सावलीचा दिवस मेच्या या दुसऱ्या आठवड्यात येतो. उद्या-परवापासून दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असेल, ऑगस्ट उजाडेपर्यंत. म्हणजे मेच्या शेवटी किल्ल्याच्या उत्तर कड्यालाही भर दुपारचं ऊन लागतं. मी इतकी वर्षं डोंगर चढते आणि 'उत्तरेला सावली' हे डोळे मिटून धरत आले.

मग मनालीचं गणित केलं. तिथलं अक्षवृत्त ३२ अंशांच्या थोडं वर. जूनच्या मध्यावर दुपारी सूर्य क्षितिजापासून ८१ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. ३५ अंशांचा उत्तर उतार धरला तरी त्याला सपाट जमिनीच्या पाऊण पट ऊन मिळतं. हिवाळ्यात हाच उतार अंधारात असतो, पण जूनमध्ये उत्तरेचा फायदा बराच आटलेला असतो. मग बर्फ कशाच्या जोरावर उरतो? भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मामांनी सांगितलंय की. जिथे जास्त आलं तिथे उरलं."

२४ मे

रोहिणी उद्या लागते. सकाळी मागच्या झाडीत पावशा ओरडत होता. यावरून एक आठवलं. जपानमध्ये डोंगरावर बर्फ वितळताना उघडे पडणारे आकार बघून शेतकरी कामं धरत. त्या आकारांना युकिगाता म्हणतात. शिरोउमा डोंगरावर घोड्याचा आकार दिसला की भाताच्या खाचरांची चिखलणी सुरू करायची, आणि डोंगराचं नावच त्या चिखलणीच्या घोड्यावरून पडलं. आपण पावशाचं ऐकतो, ते बर्फाकडे बघत.

आजचं काम जागेची निवड. सहा तुकड्यांतून दोन उरले.

पहिला माझ्या आवडीचा: उत्तरेकडे तोंड केलेली एक लटकती उतरण, चित्रात रुंद, देखणी. दुसरा भाच्याचा: पूर्वेकडे उघडणाऱ्या अरुंद घळीच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरलेला लांबट तुकडा. पूर्वेकडे म्हणजे सकाळी सगळ्यात आधी ऊन. मी नाही म्हणाले. त्याने वाद घातला नाही, जुनी चित्रं काढली. २०१८ पासूनच्या प्रत्येक सप्टेंबरची, ढग नसलेली जी मिळाली ती. माझी उतरण ऑगस्टअखेर दरवर्षी नाहीशी. त्याचा घळीतला तुकडा प्रत्येक चित्रात होता, कधी दोन ठिपके, कधी पाच, पण होता.

कारण चित्रातच होतं. घळीच्या वर मोठा उघडा उतार आहे. हिवाळाभर तिथे पडलेला बर्फ कोसळत कोसळत त्या एका अरुंद तोंडातून खाली येतो आणि पायथ्याशी दाबून बसतो. माझ्या उतरणीवर जेवढा आभाळातून पडतो तेवढाच. पठार पितं आणि गुहेत सोडतं, तसंच हे. मी माझ्या तुकड्यावर काट मारली. यादीत दुसरा म्हणून राहू दिला, जवळून बघायचा आहे.

त्याच घळीचा धोकाही लिहून ठेवते. जिथून बर्फ आला तिथूनच दगडही येणार. ऊन लागलं की वरचे गोठलेले दगड सुटतात. हेल्मेट सगळ्यांना, आणि साडेनऊनंतर त्या पंख्यावर कोणी थांबायचं नाही. हा नियम मैत्रिणीने घातला आणि तिघांनी खाली सही केली.

७ जून

वजनं: माझी पिशवी १६.५ किलो, स्कीसकट. मैत्रीण बूट आणि स्की मनालीत भाड्याने घेणार. मोजमापासाठी: जोडता येणारी २४० सेंटीमीटरची सळई, एक लिटरचा स्टीलचा डबा, ताणकाटा, बांबूची एक काठी, टेप. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगाचटणी दिली आणि म्हणाल्या, "बर्फ बघून या, पण बर्फात राहू नका गं." रात्री गोवा एक्सप्रेस. स्टेशनवर पहिला पाऊस लागला.

१० जून, मनाली

दोन रात्री गाडीत, एक बसमध्ये. मनालीचा बाजार २,०५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ४०० मीटर उंच. आज आणि उद्या फक्त चालायचं आणि पाणी प्यायचं. आमच्यासोबत येणाऱ्या वाटाड्याला चित्र दाखवलं. त्याने घळीवर बोट ठेवलं आणि हिंदीत सांगितलं, दीदी, त्या नाळेत आमच्या मेंढ्या भादव्यातसुद्धा बर्फ चाटतात. सात वर्षांच्या चित्रांत जे शोधलं ते याला ठाऊकच होतं. भाचा थोडा खट्टू झाला, मग त्याच्याशेजारी बसून बाकीच्या चारही जागा विचारून घेतल्या.

१२ जून, बकरथाचच्या वर, मुक्काम

धुंदीपर्यंत गाडी. तिथेच अटल बोगद्याचं दक्षिण तोंड आहे, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला, ९.०२ किलोमीटर लांब. बर्फ बघायला आलेल्या गाड्यांची रांग बोगद्याकडे गेली आणि आम्ही नदी धरून वर निघालो.

दुपारी आधी माझी उतरण बघायला गेलो. लांबून पांढरी शुभ्र. जवळ गेल्यावर उन्हाने सगळीकडे वाट्या पाडलेल्या, आप्पेपात्रासारख्या, एकेक वीतभर खोल. सळई टाकली तर ४० सेंटीमीटरवर दगड लागला, दुसरीकडे २५. स्की टाकण्यासारखं काही नाही. मग घळीकडे. लांबून हा तुकडा मळका दिसतो, वर माती, खडे, चपट्या फांद्या. कोणी याचा फोटो काढणार नाही. सळई टाकली. पूर्ण २४० सेंटीमीटर आत गेली आणि तळ लागला नाही. पाच ठिकाणी टाकली, पाचही ठिकाणी तेच. भाचा काही बोलला नाही, फक्त सळई माझ्या हातात दिली.

परतताना माझ्याकडून चूक झाली. टेप धरून कडेने चालत होते. तुकड्याच्या पोटातून वितळलेल्या पाण्याचा ओढा वाहतो आणि कडेला बर्फ आतून पोखरून पातळ झालेला असतो. हे मला माहीत होतं, सगळ्यांना मीच सांगितलं होतं. पाय मांडीपर्यंत आत गेला, नडगी दगडावर आपटली. खाली पाण्याचा आवाज येत होता. वाटाड्याने पिशवीला धरून मागे ओढलं. सूज आहे, हाड ठीक आहे. उद्यासाठी कडेपासून तीन मीटर आत लाल दोरा लावला. ओढ्याचा आवाज जिथे पायाखाली ऐकू येतो तिथे जायचं नाही.

मापं: लांबी १८० मीटर, रुंदी सरासरी ४०. उतार वर ३१ अंश, खाली २४. शेवट मऊ गवतात, दगड नाहीत.

१३ जून

पहाटे ४.४० ला उठलो. हवा ३ अंश, आभाळ स्वच्छ, चांदण्या. बर्फावर बूट आपटला तर काच. रात्री हवा एकदाही शून्याखाली गेली नव्हती, तरी वरचा थर गोठला होता. वेण्णा तलावाच्या फळ्या! तोच प्रकार. मी मैत्रिणीला जानेवारीची नोंद वाचून दाखवली, मोबाइलच्या उजेडात.

पावणेसहाला वर पोचलो आणि थांबलो. काचेसारख्या बर्फावर स्कीच्या कडा पकडत नाहीत, पाय घसरला तर खालपर्यंत थांबता येत नाही. समोरच्या धारेमुळे इथे ऊन सव्वासातला येतं. आलं. दर पाच मिनिटांनी भाचा बुटाच्या टाचेने तपासत होता. ७.४० ला तो म्हणाला, "मावशी, रवाळ झालं."

याहून नेमका शब्द नाही. चांगलं कढवलेलं तूप थिजताना जसं रवाळ होतं, तसा वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर दाणेदार सुटा झालेला आणि खाली घट्ट. हा ताजा भुसभुशीत बर्फ नाही. कित्येकदा वितळून, गोठून, दाबून मुरलेला आहे. त्यावर पहिलं वळण घेतलं तेव्हा स्कीखाली खर्र असा एकसारखा आवाज आला आणि दाणे माझ्या पुढे घरंगळत गेले. दुसऱ्या वळणाला नडगी विसरले. तिसऱ्याला फार आत झुकले, सावरलं. अकरा वळणं आणि गवत. मैत्रीण माझ्या मागून आली, तिची चौदा झाली, ती आखूड वळणं घेते. खाली पोचल्यावर आम्ही दोघी एकमेकींच्या हेल्मेटवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिलो.

चढून वर जायला पंचवीस मिनिटं, उतरायला मिनिटभरही नाही. मी चार वेळा, तिने पाच. चौथ्या वेळी गुडघ्यापर्यंत मऊ झालं होतं. ९.२० ला बाहेर पडलो. ९.५० ला घळीच्या वरून मुठीएवढे तीन दगड खडखडत पंख्याच्या मधोमध आले.

१५ जून

काल ढग होते, म्हणून रात्री गोठलं नाही आणि सकाळपासूनच लगदा. स्की काढलीच नाही. आज पुन्हा स्वच्छ, पुन्हा रवाळ, मी तीन वेळा. वळणं बरी होत आहेत, वजन बाहेरच्या पायावर टिकतं आहे.

आज वजन-मापंही पूर्ण केली. डबा बर्फात दाबून, वर सपाट कापून, ताणकाट्याला लावला: एक लिटर बर्फाचं वजन ५५० ग्रॅम. ताजा पडलेला बर्फ याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही भरत नाही. १२ तारखेला संध्याकाळी रोवलेली बांबूची काठी आज संध्याकाळी १५ सेंटीमीटर जास्त उघडी पडली. तीन दिवसांत १५. काठी काढून घेतली, दोरा काढून घेतला.

२ जुलै, सातारा

पाऊस धरून आहे. कासकडे रोज धुकं. आज वहीतल्या आकड्यांवर बसले.

दिवसाला ५ सेंटीमीटर, घनता ५५०. म्हणजे एका चौरस मीटरमधून रोज २७.५ लिटर पाणी. तुकडा १८० गुणिले ४०, ७,२०० चौरस मीटर. उत्तर आलं १,९८,००० लिटर. परत केलं, तेवढंच आलं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज वीस टँकर.

माझ्या माहेरी टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. आई हंडे रांगेत लावून ठेवायची आणि आपला हंडा कुठला ते लक्षात राहावं म्हणून मी त्यावर चिंधी बांधायचे. आता उरमोडीचं पाणी कालव्याने माणकडे येतं, दिवस पुष्कळ बदलले. पण वीस हा आकडा मी दुसऱ्या कशाने मोजू शकत नाही. मळका, कोणी फोटोही काढणार नाही असा एक तुकडा जूनमध्ये रोज वीस टँकर ब्यासमध्ये सोडत होता आणि त्याच्यासारखे किती असतील त्या खोऱ्यात.

भाच्याने दुसरं गणित पाठवलं. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. गॅस एक किलो जाळला तर साधारण ४६ हजार किलोज्यूल. म्हणजे आपल्या तुकड्यावर सूर्य आणि वारा मिळून रोज शंभर सिलिंडर जाळत होते आणि तरी तो उभा होता. खाली त्याने लिहिलं होतं, "घळीने आणून भरलंय म्हणून."

१४ सप्टेंबर

जुलै-ऑगस्टची सगळी चित्रं ढगांची. आज पहिलं स्वच्छ मिळालं. जूनमध्ये १८ ठिपके होते. आज २. माझ्या उतरणीच्या जागी खडक. कासवर फुलांचा हंगाम आहे, घाटात गाड्यांची रांग लागली आहे. आम्ही तिघं दोन ठिपक्यांकडे बघत बसलो, मैत्रीण फोनवरून.

भाचा विचारत होता, दोन ठिपके म्हणजे ८०० चौरस मीटर धरायचे का? नाही. ठिपक्यात अर्धा बर्फ, अर्धा दगड असला तरी तो उजळतो. 'दोन ठिपके' एवढंच लिहायचं.

२९ सप्टेंबर

२.

९ ऑक्टोबर

नव्या चित्रात बकरथाचच्या वर सगळं पांढरं. वाटाड्याला फोन केला, तो म्हणाला परवा रात्रभर पडला, मेंढ्या आठवड्यापूर्वीच खाली आणल्या. आधीच्या चित्रात, ४ तारखेला, दोन्ही ठिपके जागेवर होते. भाच्याने दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून खात्री केली.

वहीत तारखेपुढे लिहिलं: टिकला.